हिरव्याचा संसार

"सर, हे कितवं नेटवर्क कार्ड?"

"चौथं," कादोय सर टेबलाखालून म्हणाले. "आधीची तिन्ही दगाबाज निघाली."

बेटावरच्या प्रशिक्षण केंद्रात सर एकवीस वर्षं संगणक-जोडणीचा वर्ग घेत होते. मारिफे त्यांची जुनी विद्यार्थिनी. सेबू शहरात नोकरीला होती आणि जत्रेपुरती गावी आली होती. सरांना भेटायला म्हणून त्यांच्या घरी आली, आणि त्यांनी पाणी विचारायच्या आधी तिच्या हातात टॉर्च दिला.

सरांची बायको फेली नऊ वर्षं हाँगकाँगला एका घरी कामाला होती. रविवारी तिला सुट्टी. बरोबर बाराला ती पडद्यावर यायची आणि बारा वाजून दोन मिनिटांनी गोठायची. कधी डोळे मिटून, कधी तोंड उघडं ठेवून. मग चेहऱ्याचे चौकोन व्हायचे. मागच्या रविवारी तिने विचारलं, "करार संपतोय. अजून दोन वर्षं थांबू का?" सर "नको" म्हणाले, पण तोवर ती गोठली होती. सर सवयीने केबल बघायला वाकले. आज तेवढा एक शब्द तिच्यापर्यंत पोचायला हवा होता.

"लिहून कळवायचं ना, सर!"

"नऊ वर्षांनी बायकोला काय, अंगठ्याचं चित्र पाठवू?"

केबल रस्त्यावरच्या मेहुणीच्या दुकानातून नारळीच्या झाडांवरून येत होती. ऐंशी मीटर. सरांनीच ओढलेली, त्यामुळे तिच्यावर संशय घ्यायची सोय नव्हती. आजवर त्यांनी कंपनीला, पावसाला आणि एका विशिष्ट सरड्याला दोष दिला होता.

"हे बघ." सरांनी केबलला टेस्टर लावला. "आठही दिवे ओळीने पेटतात."

मारिफेने केबलच्या टोकाचा कनेक्टर काढून उजेडात धरला. पारदर्शक प्लास्टिकमागे आठ तारा. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीशेजारी तिची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदारीण.

"अगं बाई! तुम्ही अजून असंच लावता?"

पुस्तकात हिरव्याची जोडीदारीण तिसऱ्या जागी, हिरवा स्वतः सहाव्या जागी आणि मध्ये निळ्याचं अख्खं कुटुंब असतं. सरांना ते कधी पटलं नाही; ते दोघांना शेजारी-शेजारीच लावत. "ज्या देशात घटस्फोटाचा कायदाच नाही, तिथे मी हिरव्याचा संसार मोडू?" असं ते दर वर्षी वर्गाला विचारायचे. वर्ग हसायचा आणि लिहून घ्यायचा. तीनशे विद्यार्थ्यांनी अख्खं बेट असंच जोडलं. दोन्ही टोकांना चूक एकसारखी, त्यामुळे कुणाचं फारसं अडत नव्हतं.

"सेबूत मला पहिल्याच परीक्षेत नापास केलं," मारिफे म्हणाली. "मी परीक्षकांना घटस्फोटाचं समजावून सांगितलं."

"मग?"

"त्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?"

तिने केबलचं आवरण वीतभर सोललं. आत हिरवा आणि त्याची जोडीदारीण एकमेकांना पीळ घालून बसले होते.

"बघा. ऐंशी मीटर हे दोघं असेच येतात. टोकाला फक्त वेगळे उभे राहतात. कार्ड तिसऱ्या आणि सहाव्या तारेवरून बोलतं. तुमच्या मांडणीत तिसरी हिरव्याची बायको आणि सहावा निळा. लांबून आलं की त्यांचं बोलणं सगळ्यांत मिसळतं. सर, तुम्ही संसार वाचवला नाही, लफडं लावून दिलंत."

सरांनी तो पीळ बोटाने चाचपून पाहिला.

"एकवीस वर्षांत कुणी बोललं नाही?"

"तुम्ही बोलू द्याल तर ना!"

साडेअकरा झाले होते. "दे ती पक्कड," सर म्हणाले. बोटं दोनदा जुन्या सवयीने गेली, दोन कनेक्टर वाया गेले. तिसऱ्या खेपेला त्यांनी हिरव्याला उचलून निळ्यांच्या पलीकडे ठेवलं, डोळे मिटले आणि पक्कड दाबली. मग दुसरं टोक करायला दुकानाकडे धावले.

"आता काय बिघडवताय, भावजी?" मेहुणीने विचारलं.

"दुरुस्त करतोय."

"तेच विचारतेय."

बाराला फेली आली. दर रविवारसारखी पादचारी पुलावर पुठ्ठा पसरून मैत्रिणींबरोबर बसली होती. दोन मिनिटं झाली. पाच झाली. सर गप्पच.

"काय रे, गोठलास?"

"तू गोठशील म्हणून थांबलोय."

"मी तर हलतेय!"

"थांबू नकोस," सर घाईने म्हणाले. "अजून दोन वर्षं नको. परत ये."

मागे मैत्रिणी हसत होत्या. फेली हसली नाही.

"अरे, मंगळवारी सही केली मी. आज सांगणारच होते. मागच्या वेळी विचारलं, तेव्हा तू मान खाली केलीस आणि तसाच राहिलास. पाच मिनिटं! म्हटलं, एवढा ठाम होकार तू लग्नातसुद्धा दिला नव्हतास."

"मी केबल बघत होतो, फेली."

"हो?"

मारिफे उरलेल्या केबलचं भेंडोळं उचलून अंगणात गेली.

चित्र एकदाही अडकलं नाही. फेलीमागून जाणाऱ्या माणसांच्या शर्टांची बटणंसुद्धा मोजता येत होती. सर खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तीन वर्षं झाली. तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, आवडले असतील."

सरांनी बाहीने पडदा पुसून पाहिला. पांढरं तिथेच होतं.

"आवडले," ते म्हणाले.