भूक नाय

"आई, दोन घास तरी खा." द्वारकानं ताट पुढं सरकवलं.

"भूक नाय गं."

बोलून झालं आणि आवडाबाईंच्या अंगावर काटा आला. शब्द त्यांच्याच तोंडून निघाले होते, पण आवाज त्यांचा वाटला नाही. बारीक होता, पाच वर्षांच्या पोरीचा. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

मुलींच्या वसतिगृहात त्यांनी तीस वर्षं स्वयंपाक केला. शहागंजच्या बाजारातून भाजी आणायची, शंभर पोरींच्या भाकरी थापायच्या आणि सगळ्या जेवल्या की पातेल्याच्या बुडाशी उरलेलं उभ्यानंच खायचं. अन्न त्यांना टाकवत नसे. कढईला चिकटलेलं पिठलंसुद्धा त्या खरवडून खात. वजन पंच्याण्णव किलोवर गेलं, साखर तीनशेच्या वर. जिना चढणं सुटलं. मग डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा पोटावर घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. त्यानं भूक कमी होईल, असं ते म्हणाले होते. ती हळूहळू पार नाहीशीच झाली.

चार महिन्यांत अकरा किलो उतरले. पोलकी ढगळ झाली, गल्लीतल्या बाया कौतुक करू लागल्या. पण फोडणीचा वास आला की त्यांना मळमळायचं. भाकरी घशाखाली उतरेना, वरण नको, अंडं नको. चहात बुडवलेला टोस्ट तेवढा जायचा, म्हणून सकाळी टोस्ट आणि दुपारीही टोस्टच. लेक द्वारका शाळेत शिकवायला गेलेली असे. तिला वाटे, आई मागं काहीबाही खात असेल.

आणि दर वेळी 'भूक नाय' म्हटलं की तो आवाज यायचा. साळूचा.

बहात्तरच्या दुष्काळात आवडा नऊ वर्षांची होती. वैजापूरच्या पुढं रस्त्याचं काम निघालं होतं. आई खडी फोडायची आणि कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे गव्हागुळाचं कोरडं पीठ, पदरात बांधून आणायची. दोघी बहिणींना मूठ मूठ द्यायची. एका संध्याकाळी धाकट्या साळूनं आपली मूठ पुढं केली.

"आवडे, तू खा. मला भूक नाय."

आवडानं काही विचारलं नाही. खाल्लं, बोटं चाटली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी तर ती वाटच बघत बसली होती. पाचव्या दिवशी सकाळी साळू उठली नाही. त्या मुठींचं आईला शेवटपर्यंत कळलं नाही. कुणालाच कळलं नाही.

एका सोमवारी आवडाबाई मोरीत चक्कर येऊन पडल्या. हाड मोडलं नाही, पण त्यांना आपलं आपण उठता येईना. मांड्यांत जोरच राहिला नव्हता. द्वारकानं रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शनची मात्रा कमी केली आणि आहार बघणाऱ्या अंबिका मॅडमकडं पाठवलं.

"काल दिवसभरात काय काय खाल्लं, आजी?"

"टोस्ट. चार." बोटं मोजून त्या म्हणाल्या, "तीन."

द्वारकानं मान खाली घातली.

"हे औषध भुकेला गप्प करतं," अंबिका म्हणाली. "शरीराला लागायचं ते लागतंच. तुमची चरबी उतरली, पण तिच्याबरोबर अंगातली ताकदही गेली. आता भुकेची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. आधी अंडं नाहीतर घट्ट वरण, दही. मग जमेल तेवढी भाकरी. थोडं थोडं, सावकाश. तळलेलं नको, त्यानं मळमळ वाढते. पाणी मात्र पीत राहा."

आवडाबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, लेकराची भूक मेली तर?"

"कुठल्या लेकराची?"

"हाडांचा सापळा झालेलं लेकरू. खायाला दिलं तर नको म्हणतंय."

"ते फार आजारी असतं, आजी. त्याला लगेच दवाखान्यात न्यावं लागतं."

"मंजी खरंच भूक नसती त्याला? खोटं नसतं बोलत?"

"नाही. खरंच नसते."

"नऊ वर्षांच्या पोरीला हे कळाया पायजे व्हतं का?"

"कोणाला?"

"मला."

अंबिकानं पेन खाली ठेवलं. "नाही, आजी. नऊ वर्षांच्या मुलीला कसं कळेल?"

आवडाबाईंनी मान हलवली. पटल्याची नव्हे, ऐकल्याची.

रिक्षातून दोघी घरी आल्या. एक वाजता द्वारकानं उकडलेलं अंडं, वाटीभर घट्ट वरण आणि चतकोर भाकरी वाढली आणि समोर बसली. आवडाबाईंनी अंड्याचा तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावला. गिळताना डोळ्यांत पाणी आलं, पण घास आत गेला.

"आई, ते लेकरू कोण होतं?"

"साळू. तुझी मावशी."

द्वारकाला आजवर मावशी नव्हती. ती आईच्या हाताकडं बघत राहिली.

"पाच वर्साची," आवडाबाई म्हणाल्या आणि भाकरीचा बारीक तुकडा मोडून वरणात बुडवला.