पायाशी पडणारा भुसा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खांब आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही माझ्याजवळ आलात, तर तुमच्या खिशात खिळा तर नाही ना, अशी शंका मला आधी येईल. खांबाला डोळे कुठले, असं विचारू नका. संशय घ्यायला डोळे लागत नाहीत.

झाड होतो तेव्हा मी असा नव्हतो. पण ज्या माणसाने माझ्यावर मायेने हात फिरवला, त्यानेच पुढच्या क्षणी पटाशी मारली. तेव्हापासून कोणी गोंजारायला लागलं की मी सावध होतो. मला एका दुमजली घरापुढे उभं केलं आणि वरच्या मजल्याची गॅलरी माझ्या डोक्यावर दिली. गॅलरीत, बरोबर माझ्या वर, आत्याचं शिलाई मशीन होतं. ही घरमालकाची धाकटी बहीण, पण सगळी गल्ली तिला आत्याच म्हणते. तिथे उजेड चांगला, म्हणून ती दिवसभर तिथेच बसून लोकांचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. मशीनची थरथर थेट माझ्या अंगात उतरायची. बाकी कोणाशी मला देणंघेणं नव्हतं. ती पडता कामा नये, एवढं एकच मी तीस वर्षं मनाशी धरलं होतं.

एका हिवाळ्यात माझ्या पोटात गुदगुल्या होऊ लागल्या. वयोमानाने होतं असं काहीतरी, म्हणून मी तिकडे काणाडोळा केला. त्याच सुमारास माझ्या पायाशी पिठासारखा बारीक भुसा पडू लागला. आत्या रोज सकाळी कुरकुरत तो झाडून काढायची. माझा संशय झाडूवर गेला. तो फार झिजला होता, त्याचाच चुरा पडत असणार.

मग महिनाभराने सुतार पक्षी आला. डोक्यावर लाल तुरा, ऐट केवढी! इतकं नटून कोणी उगाच येतं का? त्याने माझ्या पोटावर टकटक केली, थांबला, मान वाकडी केली आणि पुन्हा टकटक केली. मला वाटलं, हा माप घेतोय, इथेच बिऱ्हाड थाटायचा बेत दिसतो. दुसऱ्या दिवशी तर त्याने पन्हाळीचा पत्रा दणादणा वाजवला आणि थोड्याच वेळात त्याची मादी हजर झाली. म्हणजे टोळीच होती.

"हाच घर खातोय," आत्याचा भाऊ म्हणाला. "भुसा बघतेस ना किती पडतोय?"

आत्याला ते पटलं. मलाही पटलं. आरोपी सापडला की सगळ्यांनाच हायसं वाटतं. रंगाऱ्याने येऊन पक्ष्याने पाडलेली माझी भोकं पुट्टीने बुजवली आणि वरून हिरवा रंग फासला. मी कसा झकास दिसत होतो! आठ दिवसांत पक्षी पुन्हा आला, नेमका त्याच जागी. असं तीनदा झालं. शेवटी भावाने पक्ष्याला धरायची चिकट पट्टी आणली.

"अरे दादा, पाय अडकून मरेल तो," आत्या म्हणाली.

"मरू दे. नाहीतर तो आपल्याला मारेल."

खोटं कशाला सांगू, मी खूश झालो.

पट्टी ठोकायला सुतार आला. मोजकं बोलणारा माणूस. खिळा मारण्याआधी लाकूड वाजवून बघायची त्याची सवय होती. हातोडीच्या दांड्याने त्याने मला खाली वाजवलं, कान लावला. मग वर. मग पोटावर. तिथे आवाज पोकळ आला. त्याने पुन्हा वाजवलं आणि हातोडी खाली ठेवली.

"ताई, आधी खाली या बघू. मशीन राहू द्या तिथेच."

आत्या हातात कात्री घेऊनच खाली आली.

"हा भुसा पक्षी यायच्या आधीपासून पडतोय की नंतर?"

आत्या विचारात पडली. "आधीपासून," ती हळूच म्हणाली.

"चोचीने ढलप्या निघतात, पीठ नाही. पीठ पाडतो तो भुंगेरा. आत त्याच्या अळ्या आहेत. पक्षी त्याच काढून खात होता. तुम्ही भोकं बुजवून अळ्यांना आत सुखरूप ठेवलंत."

भावाने पट्टी गुंडाळून खिशात घातली. सुताराने गॅलरीला टेकू दिला आणि मला कापलं. माझ्या पोटात जेमतेम बोटभर जाडीचं लाकूड उरलं होतं. आत्या ते बघत खालीच बसली.

मित्रांनो, मला माझीच लाज वाटली. मी झाडूवर संशय घेतला, पक्ष्यावर घेतला. गुदगुल्या मात्र माझ्याच पोटात होत होत्या, आणि त्याबद्दल मला एकदाही शंका आली नाही.

आता मी अंगणाच्या भिंतीशी पडून असतो. माझ्या जागी नवा खांब आहे. तो जरा जास्तच सरळ आहे, माझा काही त्याच्यावर भरवसा नाही. पण काल सुतार पक्षी त्याच्यावर बसला, टकटक करून त्याने कानोसा घेतला आणि त्याला सोडून माझ्याकडे आला. मी त्याला मुकाट्याने चोच मारू दिली.

तुमच्या घरावर असा पक्षी आला, तर लगेच दगड उचलू नका. कधी तो नुसता जोडीदाराला बोलवायलाही पत्रा वाजवतो. पण पुन्हा पुन्हा एकाच लाकडावर आला, तर तिथे तुम्हीही एकदा वाजवून बघा, कान लावा.

वर मशीन चालू आहे. त्याची थरथर आता माझ्या अंगात उतरत नाही, नुसता आवाज लांबून ऐकू येतो. पण येतो आहे.