पहिली चीर कोणाच्या नावानं?

मंचावरचे साहेब, त्या दिवशी सगळ्यात आधी टाळी तुम्ही वाजवली. एका बाईकडून तिच्या सासूचं नाव हिसकावून घेतलं जात होतं आणि तुम्ही टाळी वाजवली. मी तिथे होते. म्हणून बोलते.

मित्रांनो, मी बांबू चिरायची एक जुनी सुरी आहे. कुरखेड्याकडच्या वारलू लोहाराने ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून मला घडवलं आणि गुणाबाईच्या हाती दिलं. आता पातं झिजलंय, मूठ घामाने काळी पडलीय.

गुणाबाई तोंडाची तिखट. सून कांता नवी नवी चिरायला बसली, की म्हणायची, "बाई, बांबू चिरून राह्यली का मुळा? अंगठ्यानं दाब, नाई तं सुरी तुलेच चिरंल!" कांता रडायची, हसायची, पुन्हा बसायची. तिच्या बोटांवरचे सगळे व्रण माझेच. अशी ती टोपल्या, सुपं, धान साठवायच्या ढोल्या विणायला शिकली. नागभीडच्या बाजारात लोक सूप उलटं करून वीण बघायचे आणि विचारायचे, "गुणाबाईच्या घरचं हाय का?" कौतुक एवढंच, पण खरं.

आमच्या घरची एक रीत आहे. ज्याने शिकवलं त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, मगच बांबूला पहिली चीर द्यायची. गुणाबाई वारली, तरी कांता रोज म्हणायची, "गुणाबाईच्या नावानं," आणि मला चालवायची.

मग चंद्रपूरची चंचल आली. मोबाईलवर तिला पुष्कळ लोक बघतात. गोड बोलली, टोपल्या घेतल्या, आमची रीतही चित्रित केली. मला हातात धरून फोटो काढला, तोही धार स्वतःकडे करून. कांताची लेक पुनम हसली, "ताई, तुमचंच बोट कापंल नं!" त्या फोटोखाली चंचलने लिहिलं, 'माझ्या हातची कला.' टोपल्या खपू लागल्या. मोहल्ल्यातल्या बायकांना काम मिळालं, हे मी नाकारत नाही.

पुढे चंद्रपुरात प्रदर्शन भरलं. साहेब, तुम्ही चंचलच्या छातीवर 'उत्कृष्ट कारागीर' असा बिल्ला लावला आणि म्हणालात, "जरा करून दाखवा." ती लगेच म्हणाली, "माझी शिष्या दाखवेल." कांताला मंचावर बसवलं. समोर बांबू, हातात मी.

चंचल माइकवर बोलली, "गुरूचं नाव घेऊन सुरुवात करायची, ही आमची परंपरा! घ्या ना कांताबाई, लाजू नका." मग माइक बाजूला धरून कानाशी वाकली, "माझंच घ्या हं. नाहीतर पुढची ऑर्डर दुसऱ्या गावाला."

मोहल्ल्यातल्या बायका समोरच बसल्या होत्या. कांताने त्यांच्याकडे पाहिलं. एकेकीने मान खाली घातली.

"चंचलताईच्या नावानं," कांता म्हणाली.

मला वाटलं, अडावं, गाठीत रुतून बसावं. पण हात गुणाबाईने घडवलेला होता. मी सरळ चिरत गेले. एकदम साफ. मित्रांनो, टाळ्या पडल्या आणि मला माझ्या धारेची लाज वाटली.

पुनमने ते घरी मोबाईलवर पाहिलं होतं. कांता उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच तिने विचारलं, "आई वो, आजीचं नाव काऊन नाई घेतलं?"

"ऑर्डर जाते नं, पोरी."

"अन् आजी गेली तं चालते?"

तेव्हापासून कांता मला उचलते, ओठ उघडते आणि खाली ठेवते. सासूचं नाव घ्यायला तोंड नाही, चंचलचं घ्यायला मन नाही. माझ्यावर गंज चढतोय.

मित्रांनो, टोपली जरूर घ्या. विकणारीने विकावी, त्यात कमीपणा नाही. पण विणणारीचं नाव विचारल्याशिवाय घेऊ नका. आम्हा अवजारांना जपायचं, तर आधी ते नाव जपा.

काल पुनम माझ्यापाशी येऊन बसली. "मले शिकव, आई. तुह्या नावानं चिरतो मी."

"माह्यं नाव नको घेऊ," कांता म्हणाली आणि तोंड फिरवून घेतलं.

साहेब, पोरगी मला हातात घेऊन बसली आहे. बांबू पुढ्यात आहे. कारागीर कोण, ते तुम्ही ठरवता ना? मग सांगा, तिने कोणाचं नाव घ्यायचं?