सिरानुशच्या पांढऱ्या गोळ्या

नारेला महिन्या-दीड महिन्याने ताप चढायचा, पोट फळीसारखं कडक व्हायचं आणि दोन-तीन दिवसांत पोरगी पुन्हा अंगणात उड्या मारायची. ग्युमरी शहरातल्या त्या घरात या दुखण्याला एकच नाव होतं: तिच्या आईच्या, अरुस्याकच्या माहेरची घाण.

सासू सिरानुश ते नाव मोठ्या चवीने घ्यायची. "आमच्या रक्तात असलं काही नाही गं बाई," म्हणत ती व्होडकात व्हिनेगर कालवून नातीच्या पोटावर चोळायची. खोट आपल्यातच असेल, असं अरुस्याकलाही वाटू लागलं होतं.

हिवाळ्यात सर्जनने अपेंडिक्स समजून नारेचं पोट फाडलं. आत काहीच निघालं नाही. टाके सुकतात न सुकतात तोच पुन्हा तेच दुखणं. तेव्हा मात्र अरुस्याकने सासूला न विचारता पोरीला उचललं, नवऱ्याला, रुबेनला सोबत ओढलं आणि राजधानीचं शहर येरेवान गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिघांचं रक्त तपासून पुढच्या खेपेला सांगितलं, "हा आपल्या लोकांचा जुना ताप. एका जनुकात बिघाड असतो. पोरीला तो दोघांकडूनही आलाय, आईकडून एक, बापाकडून एक. एकच असेल तर माणसाला बहुधा पत्ताही लागत नाही. आपल्यात असे ढीगभर आहेत. तुमच्या घरात आणखी कुणाला आहे?"

"नाही," रुबेन खिडकीबाहेर बघत चटकन म्हणाला.

"मग या गोळ्या रोज, जन्मभर. टाळल्या तर पुढे मूत्रपिंडं जातात."

औषधाच्या दुकानात पाकीट हातात पडलं आणि अरुस्याक जागच्या जागी थिजली. हेच पाकीट घरच्या कपाटात कॉफीच्या डब्यामागे असायचं. सासूच्या 'हृदयाच्या गोळ्या'.

रविवारी सकाळी टेबलावर खाश होता, गाईच्या पायांचा चिकट रस्सा. घरभर लसूण आणि चरबी घमघमत होती. अरुस्याकने दोन्ही पाकिटं सासूपुढे ठेवली.

"आई, ही तुमची आणि ही नारेची. औषध एकच."

सिरानुश रश्श्यात लवाशची सुकी पातळ रोटी चुरत राहिली. "हळू बोल. शेजारी ऐकतील."

"कधीपासून आहे तुम्हाला?"

"लहानपणापासून. लेकीला, लुसिनेला उजवायचं होतं ना मला? तापाच्या घरातली पोर कुणी केली असती?"

"नारेला आत फाडत होते तेव्हा तुम्ही बाहेर माझ्याशेजारी बसला होतात. जपमाळ ओढत."

"मग? मेली का ती?" सिरानुशने बोटावरची चरबी चाटली.

अरुस्याक नवऱ्याकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

"आईने शपथ घातली होती," रुबेन वाडग्यात बघत म्हणाला. "आता कळलंय ना तुला? जेवू दे ना जरा."

ही माणसं आपल्याच पोरीच्या पोटावरचा व्रण रोज बघत होती, आणि त्यांना जेवायचं होतं. अरुस्याकने फोन उचलला. नणंद लुसिने वानाद्झोरला सासरी असायची. तिच्या बाळाला सारखा ताप यायचा आणि सिरानुश तिला सांगायची, दात येतायत.

आता मात्र सिरानुश खुर्ची पाडत उठली. "अगं सटवे, तिचा संसार मोडशील!"

"लुसिने, बाळाला येरेवानला ने. आजच," अरुस्याक फोनवर म्हणाली. "तुझ्या आईला जन्मापासून हाच ताप आहे. गोळ्या घेते ती. चोरून."

लुसिने पलीकडून म्हणाली, "आणि मला दातांच्या गोष्टी सांगत होती?"

लुसिनेचा संसार मोडला नाही. तिच्या सासूनेच बाळाला कडेवर घेऊन डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नारेला त्या उन्हाळ्यात एकदाही ताप आला नाही.

अरुस्याक पोरीला घेऊन शाळेजवळच्या एका खोलीत राहायला गेली. रुबेन रविवारी येतो. ती दार उघडते, नारेला त्याच्यासोबत फिरायला पाठवते. त्याला मात्र उंबऱ्याच्या आत घेत नाही.