फेसाळणारी करणी

वच्छलाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. खाटेवर त्यांची दिव्यानी, सातवीतली पोर, गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती. गावोगाव करणी उतरवत फिरणाऱ्या लिंबूबाबाने पळसाचं ओलं पान तिच्या पोटावर दाबलं, डोळे फिरवले आणि पान उचललं. त्यावर चपटी, करडी अळी! बाबाने तिच्यावर लिंबू पिळलं, तशी अळी फेसाळली.

"पाय वच्छला, करणी जळून राह्यली! अजून लय आहेत पोटात. दवाखान्याची गोळी देशील तं करणी उलटन!"

गर्दीने हात जोडले. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. माझे हात खिशातच राहिले.

"वच्छलाबाई, पोरीले सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. आत्ताच गडचिरोलीले नेऊ. गाडी मी आणतो."

"गुरुजी, फेस तुमीबी पाह्यला ना? मंग?"

त्यांनी पोरीला खाटेवरून हलवू दिलं नाही.

त्या 'मंग'चं उत्तर सकाळी माझ्या घरमालकाच्या परसात सापडलं. अवकाळी पावसाने सडलेली मोहफुलं इथे सगळेच घरामागे फेकतात. ढीग उकरला, तर आत तशाच अळ्या वळवळत होत्या. ही एका रानमाशीची अळी. या माशीकडे कोणी धड लक्ष दिलेलं नाही, मराठीत तिला नावही नाही. पण तिच्या जातकुळीतल्या अळ्यांच्या कातडीत चुनखडी असते, एवढं मी वाचलं होतं. लिंबू पिळलं. फेस आला. चुनखडीच्या दगडावर पिळा, तिथेही येतो. बाबा अळी पानाच्या दुमडीत लपवून आणायचा, बस्स.

अळ्या आणि लिंबू घेऊन मी धावलो. वच्छलाबाईंच्या दारात बाया रडत होत्या. दिव्यानी पहाटेच गेली होती. हातातल्या त्या लिंबाची मला लाज वाटली.

तेरवी झाल्यावर वच्छलाबाई स्वतः आल्या. "दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी अळ्यांखालचा सडका मोह चिमटीत उचलला. "असा मोह तं माह्याबी घरामागं पडून आहे, गुरुजी."

पुढच्या गावात बाबाने पान उचललं, तेव्हा गर्दीतून वच्छलाबाई पुढे झाल्या. लुगड्याच्या ओच्यातला सडका मोह त्यांनी जमिनीवर ओतला, त्याच्याच हातातलं लिंबू घेतलं आणि पिळलं. मोहातल्या अळ्या फेसाळल्या. बाबा चप्पल सोडून पळाला. त्याच्यामागे त्या गेल्या नाहीत; खाटेवरच्या पोराच्या आईकडे वळल्या.

"बाई, फेस मीबी पाह्यला होता. कायचा आहे, ते नाई इचारलं. तू इचार. अन् पोराले उचल, गुरुजींची गाडी उभी आहे."