दार लावून घे

हाडांच्या दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात मी सात वर्षं शाळा घेतली. शाळा म्हणजे काय, तर चाकांचा एक फळा, खडूंचा डबा आणि दुपारी दोन ते चार ही वेळ. इथला विद्यार्थी पळून जाऊ शकत नाही, हा आमच्या शाळेचा ठरलेला विनोद. नव्या पोराला जुनी पोरं पहिल्याच दिवशी तो ऐकवायची. कुणाचा पाय वजन लावून टांगलेला, कुणी कमरेपासून खाली प्लास्टरमध्ये, कुणाच्या मांडीतून सळई आरपार. तीन-तीन, चार-चार महिने तीच खाट आणि तेच छत. भिंतीवर टीव्ही होता, तो सकाळी लागायचा आणि झोपेपर्यंत बोंबलत राहायचा. पोरांची तोंडं उघडी, नजर कुठेच नाही, आणि हाक मारली तर नुसतं "अं?" त्या टीव्हीचा मला मनापासून राग होता.

मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. "पाय मोडला म्हणून पोराच्या डोक्यालाही प्लास्टर घालायचं का?" असं मी पहिल्याच आठवड्यात वॉर्डच्या सिस्टरना विचारलं होतं. सिस्टर माझ्याच वयाच्या, वीस वर्षं त्याच वॉर्डात काढलेल्या. त्यांनी रिमोट माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "दोन तास तुमचे, बाई. बघू या काय दिवे लावताय."

मग मी दिवे लावले. टीव्ही बंद करून पोरांना डोळे मिटायला सांगितलं आणि मनात एक घर बांधायला लावलं. रोज एकच खोली. भिंतीचा रंग काय, खिडकीतून काय दिसतं, पायाखाली फरशी आहे की माती, ती गार आहे की तापलेली, सगळं ज्याचं त्याने ठरवायचं. मला सांगायचं नाही, आईला सांगायचं नाही, कागदावर काढायचं नाही. पहिले चार दिवस नुसती खिदीखिदी. आठवड्याने एकाने विचारलं, "बाई, माझ्या घरात पाऊस आत आला तर चालेल का?" तेव्हा मला कळलं की हे चालू लागलंय. महिनाभरात दुपारच्या वॉर्डात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असायची. आपण टाकून दिलेली पोरं नाही आहोत, आपल्याकडे काहीतरी आहे, असं त्यांच्या चेहऱ्यांवर दिसायचं. मला त्याचा फार आनंद व्हायचा. अजूनही मी तो आनंद खोटा म्हणणार नाही.

दुखलं की आत जायचं आणि दार लावून घ्यायचं, हे नंतरचं. ते माझ्याच डोक्यातून निघालं. ड्रेसिंगच्या वेळी एक पोरगं किंचाळत होतं, मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "घरात जा. दार लावून घे." आणि ते गप्प झालं. सिस्टर बघतच राहिल्या. पुढे ड्रेसिंग असलं की त्या मलाच हाक मारू लागल्या. मोठे डॉक्टर एकदा फेरीत थांबून म्हणाले, "बाई, तुम्ही वॉर्डाचा आवाजच बंद केलात," आणि इतर वॉर्डांसाठी मला दोन पानं लिहून द्यायला सांगितलं. मी अशी हुरळून गेले की दोनच्या जागी सहा पानं लिहिली.

त्या वॉर्डात एक बारा वर्षांची मुलगी होती. तिला सगळे वकील म्हणायचे. जन्मतःच तिच्या उजव्या पायाचं हाड धनुष्यासारखं वाकलेलं. आधीची दोन ऑपरेशनं झालेली, तिसरं व्हायचं होतं. वाद घालण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. इंजेक्शन डाव्या हातालाच का, दूध सातला का आणि साडेसातला का नाही, शेजारच्या खाटेला दोन उश्या आणि मला एक, हा कुठला न्याय? तिची आई कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर होती. पाळी संपवून तीन वाजता यायची, तेव्हा तिच्या अंगाला वाफेचा वास असायचा आणि मनगटावर भाजल्याचे डाग. ती हसून म्हणायची, "हिला एवढंसं खरचटलं तरी तीन घरं गोळा करायची. तुमचं डोकं खात असेल ना?"

खायची. पण घराच्या खेळात वकील सगळ्यांच्या पुढे गेली. न सांगण्याचा नियम तिने एकदाच मोडला. "बाई, माझ्या घराला जिना आहे. मुद्दाम उंच पायऱ्या केल्यात. मी दोन-दोन एकदम चढते." हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. त्या दिवशी घरी जाताना रस्ताभर माझा ऊर भरून येत होता. हळूहळू तिचे वाद कमी झाले. सिस्टर म्हणाल्या, "आमची वकील सुधारली." मीही मान डोलावली. बाईंची लाडकी, असं पोरं तिला चिडवू लागली. खरंच होतं ते, आणि मी ते लपवतही नव्हते.

तिसरं ऑपरेशन सोमवारी सकाळी झालं. हाड कापून सरळ केलं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. ऑपरेशननंतर वॉर्डात एक पद्धत असते. दर तासाला सिस्टर येऊन पायाची बोटं बघतात, ती मागे वाकवून बघतात, आणि मुलाला विचारतात, किती दुखतंय, एक ते दहामध्ये सांग. मूल सांगेल तो आकडा तक्त्यावर लिहितात. सोमवारी वकीलने चार सांगितलं, मंगळवारी सकाळी तीन, मग दोन.

मंगळवारी दोन वाजता मी गेले तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, दोन्ही मुठींत चादर. मी जवळ बसले. डोळे न उघडता ती हळूच म्हणाली, "बाई, मी आत जातेय." मला काय वाटलं सांगू? मला अभिमान वाटला. एवढं मोठं ऑपरेशन, आणि ही पोर माझ्या शिकवण्यावर ते पेलतेय.

तेवढ्यात सिस्टर तासाची फेरी करत आल्या. त्यांनी बोटांना हात लावायला चादर उचलली आणि मी त्यांचा हात धरला. "आत्ता नको, सिस्टर. बघा, किती छान आत गेलीय. आता हलवलंत तर पुन्हा पहिल्यापासून."

सिस्टर घुटमळल्या. बोटं वरून गुलाबी दिसत होती. "किती गं?" त्यांनी विचारलं.

"दोन," वकील म्हणाली.

सिस्टरनी तक्त्यावर दोन लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. तीनच्या फेरीलाही मी ओठांवर बोट ठेवलं. त्या दिवशी तिच्या आईला कारखान्यात जादा काम होतं, ती आली नाही. चारला मी निघाले, तेव्हा सिस्टरांची पाळी बदलत होती. जाताना मी वकीलच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हटलं, "शाबास."

संध्याकाळच्या फेरीत तरुण डॉक्टरांनी तिच्या पायाचा अंगठा मागे वाकवला. ती बेशुद्ध पडली. प्लास्टर तिथेच कापलं. आत पाय सुजून दगड झाला होता. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं म्हणून. प्लास्टरच्या आत सूज वाढते, रक्त पोचत नाही, स्नायू मरायला लागतात. बोटं मात्र बराच वेळ बरी दिसतात. "आधी कळतं ते फक्त ओरडण्यावरून, बाई. औषधालाही न जुमानणारं ओरडणं. ते ऐकलं की आम्ही धावतो. दुसरं साधनच नाही." मग ते म्हणाले, "ही पोर दोन-दोन कशी म्हणत राहिली, तेच कळत नाही."

सात वर्षं मी पोरांचा जो आवाज बंद करत आले होते, त्याच आवाजावर तो वॉर्ड चालत होता. आणि तो घशात परत ढकलायला मी पोरांना शिकवलं होतं.

अकरा दिवस त्यांनी पाय वाचवायचा प्रयत्न केला. बाराव्या दिवशी गुडघ्याखालून कापला.

चौकशी झाली. फेऱ्या चुकल्या म्हणून सगळं खापर सिस्टरांवर फुटलं. त्यांची बदली औषधांच्या कोठारात झाली. त्यांनी माझं नावही काढलं नाही. मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, प्रश्न फेऱ्यांचा आहे. तुमच्या शिकवण्याचा इथे काय संबंध? उगाच मनाला लावून घेऊ नका." माझी सहा पानं त्यांच्या टेबलावर काचेखाली होती.

वकील डोळे उघडीना. खायला घातलं तर खायची, कूस बदल म्हटलं तर बदलायची, आम्ही विचारलं तर हो-नाही एवढंच. आईशी मात्र अधूनमधून दोन शब्द बोलायची. दोन आठवडे झाले. तिच्या आईने कारखान्यातून रजा काढली होती. एका दुपारी तिने मला व्हरांड्यात गाठलं.

"माझी पोर कुठे गेलीय, बाई? डॉक्टर म्हणतात, धक्का बसलाय. पण ती म्हणते, मी घरात आहे. कुठलं घर? आमचं घर एका खोलीचं. ती सांगते तसं त्याला जिना कुठला?"

मी तिला सगळं सांगितलं. काही हातचं राखलं नाही. सिस्टरांचा हात धरला होता तेही. ती मारेल असं वाटलं होतं, आणि मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. बराच वेळ मनगटावरच्या एका डागावरून अंगठा फिरवत राहिली.

"इस्त्री लागली की मी बोंबलते," ती म्हणाली. "पंचवीस जणींसमोर बोंबलते. मुकादम शिव्या देतो, तरी बोंबलते. हे मी तिला शिकवलं होतं, बाई." मग ती उठली. "तुम्ही नेलंत ना तिला तिथे? तुम्हीच बाहेर आणा."

मी खाटेशी गेले. आई मागे उभी राहिली. आजूबाजूची पोरं टीव्ही बघत होती. मी तो बंद करायला गेले नाही. चौकशीपासून तो पुन्हा दिवसभर चालू असायचा.

"वकील, ऐकू येतंय का?"

"हं."

"बाहेर ये."

"कशाला?" डोळे मिटलेलेच. "तिथे मला दोन्ही पाय आहेत. इथे काय आहे?"

माझ्याकडे उत्तरं नव्हती असं नाही. नकली पाय मिळतो, तू हुशार आहेस, शिकशील, मोठी होशील. आयुष्यभर मी पोरांना असली उत्तरं दिलीत. त्या दिवशी मी ती बाजूला ठेवली.

"इथे पाय नाहीये," मी म्हटलं. "तो माझ्यामुळे गेला. तू ओरडायला हवं होतंस आणि मी तुला गप्प राहायला शिकवलं. त्या मंगळवारी सिस्टर तुझी बोटं बघायला आल्या होत्या. मी त्यांना परत पाठवलं. तू आत होतीस, तुला ते कळलं नसेल."

तिने डोळे उघडले. किती दिवसांनी तिने माझ्याकडे पाहिलं.

"मी आत नव्हतेच," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी प्रयत्न करत होते. खूप. पण इतकं दुखत होतं की मला दारच सापडत नव्हतं. सिस्टर आल्या ते मला कळलं. मी त्यांना दहा सांगणार होते." तिचा आवाज चढायला लागला. "मग तुम्ही म्हणालात, किती छान आत गेलीय. मग मी कसं सांगू? सांगा ना, कसं सांगू? तुम्ही तिथेच बसला होतात! दोन तास बसला होतात! तुम्हाला दिसत नव्हतं? मी चादर धरली होती, ती दिसत नव्हती? तुम्ही शाबास म्हणालात!"

सगळ्या खाटांवरच्या माना आमच्याकडे वळल्या. मी सात वर्षं पोरांना आत बघायला शिकवत होते आणि समोरचा घामाने भिजलेला चेहरा मला वाचता आला नव्हता. ती माझ्यासाठी गप्प राहिली होती. माझं मन मोडू नये म्हणून एका बारा वर्षांच्या पोरीने आपला पाय दिला होता. मी तिचा हात धरायला गेले, तिने तो झटकला.

"जा तुम्ही!" ती किंचाळली. "जा! परत येऊ नका! माझ्याजवळ येऊ नका!"

नव्या सिस्टर धावत आल्या. तिच्या आईने तिला छातीशी धरलं आणि दोघी मोठमोठ्याने रडू लागल्या, कुणाचीही पर्वा न करता. पलीकडच्या खाटेवरचं लहान पोरही ते ऐकून रडायला लागलं. त्याला कुणी गप्प केलं नाही. आईने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती. तिने मान हलवून मला दाराकडे जायची खूण केली.

मी निघाले. फळा, डबा, सगळं तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून दोनदा निरोप आला: बाई, या, पोरं वाट बघतायत, लहानांचं रागावणं एवढं मनावर घ्यायचं नसतं. मी गेले नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. तिने मोठ्याने जे सांगितलं, ते कुणीतरी ऐकायला हवं होतं.