बिनव्याजी उचल

मी एक जुना मोबाईल आहे, आणि मित्रांनो, समुद्रातून परत न आलेल्या एका माणसाचे शब्द मला अजून तोंडपाठ आहेत. घाबरू नका, मी भूतबीत नाही. माझ्या काचेला आडवी चीर गेली आहे, बॅटरी फुगली आहे, आणि चार्जिंगला लावताना वायर वाकडी धरून ठेवावी लागते. भूत होण्याइतका जोम माझ्यात कुठला? पण जे घडले ते घडले, आणि ते मी नाही सांगितले तर कोणालाच कळणार नाही.

धाकूने मला रत्नागिरीतल्या एका दुकानातून घेतले, तेव्हाही मी सेकंडहँडच होतो. धाकू मिरकरवाड्यात महिपतशेठच्या ट्रॉलरवर खलाशी होता. जाळी ओढून त्याची बोटे इतकी जाड झाली होती, की एक अक्षर दाबायला जावे तर शेजारचेही दाबले जाई. म्हणून तो माझ्यावर विसंबून राहायचा. तुम्ही एक शब्द लिहिलात की पुढचा कोणता येईल याचा अंदाज बांधून मी तीन शब्द वर मांडून ठेवतो, हे तुम्ही पाहिले असेलच. त्याने ‘बर्फ’ लिहिले की मी ‘भरला’ पुढे करायचो. ‘संध्याकाळी’ लिहिले की ‘येतो’.

“माज्या मनातला वळखतंय रे ह्यो!” असे तो भावाला, सुजयला, कौतुकाने दाखवायचा. तेवढे कौतुक माझे पुढे कोणी केले नाही.

धाकूच्या डोक्यावर चार कर्जे होती. एक माझ्यातूनच, एका ॲपवरून काढलेले. दुसरे घरावर पत्रे घालायला खासगी फायनान्सकडून घेतलेले. तिसरे बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवून आईच्या दुखण्याला काढलेले. आणि चौथी महिपतशेठची उचल. मासेमारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी बोटमालक खलाशाला जी आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. तिच्यावर एक पैसा व्याज नसते.

ॲपवाल्यांचे फोन दिवसाला वीस-वीस येऊ लागले, तेव्हा धाकू इंटरनेटवर उपाय शोधायला लागला. शोधता शोधता त्याला एक ब्लॉग सापडला. पुण्याचा रितेश नावाचा कोणी नोकरदार होता, त्याने स्वतःचे सात लाखांचे कर्ज कसे फेडले ते साध्या मराठीत लिहिले होते. धाकू सातवी शिकलेला, पण त्याने तो ब्लॉग पोथीसारखा वाचला. धक्क्यावर बर्फ भरला जाईपर्यंत तो मला मांडीवर घेऊन बसायचा. सगळी कर्जे एका कागदावर लिहा, ज्याचे व्याज जास्त ते आधी फेडा, असा रितेशचा नियम होता. ब्लॉगखाली धाकूने विचारले, ‘दादा, बिनव्याजी असेल तर?’ रितेशचे उत्तर आले, ‘मग काळजीच नको. ते सगळ्यात शेवटी.’

नियम खरा होता, मित्रांनो. दीड वर्षात ॲपचे कर्ज संपले, मग फायनान्सचेही. फायनान्सचा शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी धाकूने मला खिशात घालून भाट्याच्या पुलापर्यंत उगाचच चालत नेले आणि आणले. मलाही बरे वाटले. आम्हा दोघांना पैशातले कळायला लागले, असे मला वाटले.

पण पुण्यात बसून रितेशला उचलीचे काय कळणार? उचलीवर व्याज नसते, कारण तिथे पैशापेक्षा माणूस अडकलेला असतो. ज्याची उचल डोक्यावर, त्याच्याच बोटीवर जायचे, आणि तो सांगेल तेव्हा जायचे. हे मिरकरवाड्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. धाकूलाही माहीत होतेच. पण कागदावर व्याजाच्या रकान्यात त्याने शून्य लिहिले आणि त्या शून्याकडे बघून तो निर्धास्त झाला.

गेल्या ऑक्टोबरात एक दिवस वारा पडला होता आणि समुद्राला आतून फुगारा आला होता. बंदरावर धोक्याचा बावटा लागलेला नव्हता, पण जुनी माणसे पाण्याकडे बघून घरी फिरली. धाकूने शेठला फोन लावला. “शेठ, आज नको वाटतंय.”

“नको तर नको,” महिपतशेठ शांतपणे म्हणाला. “बेचाळीस हजार आनून ठेव, नि घरी बस.”

धाकूने फोन ठेवला. दमयंती, त्याची बायको, कोलंबी सोलायच्या कामावर गेली होती. त्याने ब्लॉग उघडला आणि रितेशला काहीतरी लिहायला घेतले. लिहून पाठवणार, तेवढ्यात माझा जीव संपला आणि मी विझलो. त्याने मला चार्जिंगला लावले आणि तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी बोट आली. धाकू आला नाही. लाटेने डेकवरून नेला म्हणाले. तो सापडलाच नाही.

मी कपाटात पडून राहिलो. बाराव्याला महिपतशेठ आला, गोडाचे दोन घास खाल्ले आणि दमयंतीला म्हणाला, “उचल तशीच हाय. घाई नाय. नव्या हंगामाला सुजयला धाडून दे, त्याच्या वाट्यातना वळती करू.” सुजय चोवीस वर्षांचा, घरांचे वायरिंग करणारा. त्याला पाण्याची भीती वाटायची. पण भावाची उचल आहे म्हटल्यावर तो मान खाली घालून हो म्हणाला.

दमयंतीने मग मला बाहेर काढले. नवरा रोज काय वाचत होता ते तिने पहिल्यापासून वाचून काढले आणि तीही शहाणी झाली. आंब्याच्या कॅनिंगला गेली, कोलंबी सोलली, एकेक खर्च लिहून ठेवला. जुलै संपत आला तेव्हा तिच्याकडे पंचेचाळीस हजार जमले होते. एकच कर्ज फिटणार होते, पाटल्यांचे किंवा उचल. नियमाप्रमाणे पाटल्या सोडवायच्या, कारण त्यांना व्याज होते. सुजयनेही कपडे पिशवीत भरून ठेवले होते.

त्या दुपारी तिने रितेशला विचारायला ब्लॉग उघडला. सुजय समोर जेवत होता. तिने ‘दादा’ लिहिले, आणि पुढचे सुचेना म्हणून थांबली.

मी माझे काम केले. तीन शब्द वर मांडले. मधला होता ‘उचल’.

तिने भुवया उंचावून तो दाबला. मी ‘आधी’ दिला. मग ‘फेडायला’. मग ‘हवी’, मग ‘होती’. तिची बोटे थांबेनात. ‘आता’, ‘जावंच’, ‘लागेल’. मी वाक्य रचत नव्हतो, मित्रांनो, मला ते येतही नाही. मी फक्त त्या जाड बोटांची जुनी वाट दाखवत होतो.

“काय गो वयनी, काय झाला?” सुजयने हातातला घास खाली ठेवला.

मी पुढचा शब्द दिला, ‘दमूला’. तिला दमू म्हणणारे जगात एकच माणूस होते. तिने मला पाटावर टाकले, जणू मी चावलो होतो. मग पुन्हा उचलले आणि उरलेले दोन शब्द दाबले, ‘सांगू’, ‘नका’. धाकूने त्या दिवशी लिहिलेला, न गेलेला निरोप पुरा झाला.

भर दुपारी घर गार पडले. सुजयने ते वाचले आणि दाराकडे बघितले. मीही बघितले असते, पण माझा कॅमेरा भिंतीकडे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दमयंती मला आणि पैशांना एकाच पिशवीत घालून जेटीवर गेली. बोटी रंगवून तयार होत्या. तिने शेठच्या पुढ्यात बेचाळीस हजार ठेवले.

“अगो, बिनव्याजी पैसं ते,” महिपतशेठ म्हणाला. “पाटल्या सोडव आधी. तुज्या भल्याचा सांगतंय.”

“ह्याचाच व्याज जास्त पडला, शेठ,” ती म्हणाली. “नाव काटा. माज्यासमोर.”

शेठने वही उघडली. सुजयचे नाव तिथे आधीच लिहिलेले होते, धाकूच्या नावाखाली. तिने दोन्हींवर रेघ मारून घेतली. घरी आल्यावर तिने रितेशला सगळे कळवले, आणि त्याने नियमाखाली एक ओळ वाढवली, ‘ज्यात माणूस अडकतो ते कर्ज सगळ्यात आधी.’ ती ओळ वाचायला धाकू नाही, याचे मला फार वाईट वाटते.

पाटल्या अजून बँकेतच आहेत, व्याज चालू आहे. दमयंती माझ्यावर आता जपून लिहिते. तिचा प्रत्येक नवा शब्द धाकूच्या एका शब्दाला मागे ढकलतो, हे तिला कळले आहे. कधीतरी ती ‘संध्याकाळी’ एवढेच लिहिते आणि बघत बसते. मी ‘येतो’ पुढे करतो. मला दुसरे काही करता येत नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

परवा समुद्र पुन्हा फुगला होता. बोटीवर एक माणूस कमी पडला म्हणून शेठचा माणूस दारात आला. सुजय पंख्याची वायर जोडत होता. “नाय येत,” तो म्हणाला, आणि वायर जोडू लागला. माणूस निमूट गेला. दमयंती आत जाऊन पदर तोंडाला लावून रडली. एवढासा तो शब्द, बेचाळीस हजारांना पडला. धाकूला तो परवडला नव्हता.

म्हणून हात जोडून सांगतो, म्हणजे जोडता आले असते तर जोडले असते. मित्रांनो, कोणाचे पैसे घ्याल तेव्हा व्याज जरूर विचारा, पण ते फिटेपर्यंत आपल्याला नाही म्हणता येईल का, हेही विचारा. आणि जे उत्तर मिळेल ते जिवंतपणी घरच्या माणसांना सांगा. माझ्यापाशी ठेवून जाऊ नका.